चौथा उद्गार

गुड फ्रायडेला आमच्या चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन अशी लांबलचक उपासना असते. येशूनं वधस्तंभावरून उच्चारलेली सात वाक्यं, म्हणजे आमच्या भाषेत सात उद्गार, सात जणांना वाटून दिलेले असतात. हे वाटप बरंच आधी होतं आणि त्यात थोडं राजकारणही असतं. पहिला उद्गार क्षमेचा. तो बहुधा बाहेरगावाहून बोलावलेल्या पाहुण्या वक्त्याला जातो. दुसरा, शेजारच्या चोराला स्वर्गाचं वचन देणारा, तरुण संघातल्या एखाद्या उत्साही मुलाला. तिसऱ्यात येशू आपल्या आईला शिष्याच्या हवाली करतो, म्हणून तो महिला मंडळाचा, हे ठरलेलंच. पाचवा तहानेचा; निवृत्त मास्तरांना तो आवडतो, कारण त्यात एप्रिल, नगरचं ऊन आणि पाण्याचा टँकर असं सगळं आणता येतं. चौथा मात्र कोणालाच नको असतो.

चौथ्या उद्गारात येशू देवाला विचारतो, की तू मला का टाकलंस. मत्तय आणि मार्क या दोघांनी वधस्तंभावरचं फक्त हे एकच वाक्य नोंदवलं आहे, तेही मूळ बोलीतल्या उच्चारांसकट. ज्यांनी ते ऐकलं त्यांच्या कानातून ते गेलं नसावं. बाकीचे सहा उद्गार लूक आणि योहानाकडून आले आहेत. या वाक्यापाशी आले की आमचे वक्ते गडबडतात. कोणी सांगतो, येशू बाविसावं स्तोत्र म्हणत होता आणि त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो, तेव्हा निराशेचा प्रश्नच येत नाही. कोणी सांगतो, जगाचं पाप त्याच्यावर होतं म्हणून पित्यानं क्षणभर तोंड फिरवलं. दोन्ही स्पष्टीकरणांना शास्त्राचा आधार देता येतो. पण दोन्हींमागे एक घाई असते. तो ओरडला खरा, पण त्याला तसं म्हणायचं नव्हतं, हे लवकरात लवकर सिद्ध करण्याची घाई. पंधरा-वीस मिनिटांत प्रश्न मिटतो, गायनवृंद उभा राहतो आणि पाचवा उद्गार सुरू होतो.

हीच घाई मयतीच्या घरातही असते.

२०२१च्या एप्रिलमध्ये, ईस्टर होऊन गेल्यावर, माझा धाकटा भाऊ कोरोनात गेला. त्या एप्रिलबद्दल नव्यानं काही सांगायला नको. ज्यांच्या घरावरून तो गेला त्यांना ठाऊक आहे. पेटी बंदच आली. आत तोच आहे, हे आम्ही वर चिकटवलेल्या कागदावरच्या नावावरून मानलं. खड्डा जेसीबीनं काढलेला होता, कारण त्या दिवसांत खोदणाऱ्यांचे हात पुरत नव्हते. वीस माणसांची परवानगी होती आणि तेवढीही आली नाहीत. पाळकसाहेब लांब उभे राहून मास्कमधून प्रार्थना म्हणत होते आणि वाऱ्यानं त्यातले अर्धे शब्द नेले. आई कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर रिक्षात बसून होती. तिला आत येऊ द्यायचं नाही असं आम्हीच ठरवलं होतं. मी परत येऊन बसले तेव्हा तिनं विचारलं,

“माती टाकलीस?”

“टाकली.”

“किती?”

“दोन मुठी. एक तुझी.”

तिनं मान हलवली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, “चला दादा.”

त्यानंतरचे दिवस दार बंद करूनच काढावे लागले. समोरच्या काकू फाटकावर पिठलं-भाकरीचा डबा अडकवून, आवाज देऊन, मागे सरकायच्या. एरवी आमच्यात माणूस गेलं की संध्याकाळी प्रार्थनेला माणसं जमतात, भाड्याच्या खुर्च्या येतात, पेटी-तबला येतो, चहाची किटली फिरते. यावेळी प्रार्थना मोबाइलवर झाली. छोट्या-छोट्या चौकोनांतून चेहरे बोलत होते, दोघं एकदम बोलायला लागायचे आणि दोघंही थांबायचे. कोणाच्या तरी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. आई इतका वेळ खाली बघत होती, ती मान वर करून म्हणाली, “कोणाकडे तरी भात होतोय.” त्या सबंध सभेतलं मला आठवणारं हे एकच वाक्य.

बाकीची वाक्यं सगळ्यांची सारखीच होती. देवाची योजना असते. तो आता बऱ्या ठिकाणी आहे. देव झेपेल तेवढंच देतो. या शेवटच्या वाक्याबद्दल मला बोललंच पाहिजे, कारण ते शास्त्रातलं म्हणून सर्रास सांगितलं जातं. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात जे आहे ते मोहाच्या प्रसंगांबद्दल आहे. मूर्तिपूजेकडे, वाईटाकडे ओढ लागली तर देव निभावून नेईल, अशा अर्थाचं. तरणाताठा मुलगा गेलेल्या ऐंशीच्या घरातल्या बाईला, तुला झेपणार होतं म्हणून दिलं, असं पौल म्हणत नाही. ते आपण म्हणतो.

एक बाई फोनवर म्हणाल्या, चांगली माणसं देवालाही आवडतात हो. आई म्हणाली, “मग थोडे दिवस वाईट आवडून घ्यावीत त्यानं.” बाईंनी फोन ठेवला आणि चर्चमध्ये बोभाटा झाला, की आजींचा विश्वास डगमगला.

डगमगला का? मी तिच्या शेजारी राहिले, म्हणून मला निराळं दिसलं. चर्च पुन्हा उघडलं तेव्हा ती पहिल्या रविवारपासून आली. आपल्या नेहमीच्या जागी, डाव्या बाजूला, खिडकीशी. ‘उपासना संगीत’ हे गाण्यांचं पुस्तक तिनं मांडीवर ठेवलं, पण उघडलं नाही. सगळे गात होते आणि ती बंद पुस्तकावर हात ठेवून बसून होती. जुन्या पुस्तकाच्या कापडी बांधणीचा एक कोपरा सुटला होता, तो ती अंगठ्यानं दाबून बसवायची. सोडला की परत उभा राहायचा. सगळं गाणं संपेपर्यंत हेच. असं कितीतरी रविवार चाललं. तिला घरी विचारलं, तर म्हणाली, “त्याच्या घरी जाते. त्याच्याशी बोलत नाही.”

मला या वाक्याचा अर्थ पुढे हळूहळू लागला. रुसलेलं माणूस उठून जात नाही. ज्याच्याशी संबंध तुटला, त्याच्याशी अबोला धरता येत नाही. आणि चर्चमध्ये अबोला असला तरी घरी तो नव्हताच. मेथी निवडताना, तांदूळ पाखडताना, रात्री पाय चोळताना तिचं देवाशी भांडण सुरू असायचं, आणि ते अगदी एकेरीवर. तू कुठं होतास. तुला एवढ्या मोठ्या जगात हेच घर दिसलं. तू असतास तर.

तू असतास तर! हे वाक्य मी ऐकलेलं होतं. योहानाच्या अकराव्या अध्यायात मार्था आणि मरिया, लाजराच्या दोघी बहिणी, निरनिराळ्या वेळी येशूला भेटतात आणि शब्द न बदलता तेच म्हणतात. तू इथं असतास तर आमचा भाऊ मेला नसता. त्या दोघी चार दिवस घरात एकमेकींना हेच म्हणत असणार, म्हणून दोघींच्या तोंडून ते सारखं निघालं. या गोष्टीवर मी लहानपणापासून प्रवचनं ऐकत आले. प्रत्येक प्रवचन चमत्काराकडे धावतं. दगड सरकवा, लाजराला हाक मारा, तो बाहेर आला, हालेलुया. भाऊ गेल्यावर मी तो अध्याय बहिणीच्या बाजूनं वाचला, तेव्हा दिसलं, की येशूला निरोप वेळेवर पोचला होता आणि तरी तो आणखी दोन दिवस होता तिथंच थांबला. बहिणी वाटेकडे डोळे लावून बसल्या असतील. त्याला उशीर झाला नव्हता, त्यानं उशीर केला होता, आणि हे त्या दोघींना ठाऊक होतं. म्हणून ते वाक्य साधी हळहळ नाही, आरोप आहे. आणि येशू त्या आरोपाला रागवत नाही. अविश्वासी म्हणत नाही. मार्थाशी बोलतो. मरियेशी तर फार बोलतही नाही. तिला रडताना बघतो आणि स्वतः रडतो. थोड्या वेळानं आपण लाजराला उठवणार आहोत हे माहीत असूनही रडतो. माझ्या दृष्टीनं त्या अध्यायातला अवघड भाग हा आहे. ज्याला शेवट माहीत आहे त्यानंही आधी रडून घेतलं.

लाजर मात्र सबंध शुभवर्तमानात एक शब्द बोलत नाही. उठल्यावरही नाही. आणि पुढे कधीतरी त्याला परत मरावं लागलंच असणार. बहिणींना पुन्हा एकदा.

देवाला असं धारेवर धरणं ही आईची खासियत नव्हे. शास्त्रात ते पानोपानी आहे. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा रडगाण्यांचा आहे, म्हणजे तक्रारीचा, विनवणीचा, कधी उघड भांडणाचा. यिर्मयाच्या पुस्तकात तर रडण्यात तरबेज बायकांना बोलावून घ्या असं सांगितलं आहे; त्या आल्या की बाकीच्यांच्या डोळ्यांना पाणी येईल म्हणून. विलापगीत हे पुस्तक म्हणजे जळालेल्या यरुशलेमवरचं पाच अध्यायांचं रडणं. त्यातले पहिले चार अध्याय हिब्रू वर्णमालेच्या क्रमानं रचलेले आहेत. एवढ्या आकांताला कोणीतरी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत शिस्त लावली, बहुधा रडणं वाटेत तुटू नये म्हणून. आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र. बहुतेक रडगाणी शेवटाला वळण घेतात, तरीही मी तुझी स्तुती करीन अशा ठिकाणी येतात. अठ्ठ्याऐंशीवं येत नाही. ते काळोखात सुरू राहतं आणि काळोखातच थांबतं. ज्यांनी स्तोत्रं गोळा केली त्यांनी ते काढून टाकलं नाही, शेवटी एखादं आशेचं कडवंही जोडलं नाही. हे स्तोत्र मी आमच्या चर्चमध्ये कधीही, एकाही सांत्वनाच्या उपासनेत, वाचलेलं ऐकलं नाही.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचं मला इथंच नवल वाटतं. आमच्याकडे देवाशी भांडण्याचे दोन वारसे आहेत. एक इब्री, शास्त्रातून आलेला. दुसरा याच मातीतला. जनाबाई विठोबाला काय काय बोलली, नामदेव त्याच्यावर किती रुसला, तुकोबांनी त्याला किती जाब विचारला, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही थोडंफार ठाऊक असतं. आमचे रेव्हरंड टिळक स्वतः म्हणायचे, की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. पक्ष्याच्या एका जिवासाठी माणसाला क्रूर म्हणून सुनावणारी त्यांची कविता पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी पाठ केली. त्यांचे अभंग आम्ही दर रविवारी गातो. नगरला एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तनंही उभी राहिली. म्हणजे चाल आली, टाळ आले, अभंग आला. तो जाब विचारणारा गळा मात्र वाटेत कुठंतरी राहिला.

माझा अंदाज सांगते. अमेरिकन मिशन नगरला आलं १८३१ साली. त्या भल्या माणसांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, ‘ज्ञानोदय’ काढलं, आणि सोबत शोक कसा करावा याचं आपलं वळणही आणलं. हळू आवाज, काळे कपडे, रुमालाचं टोक डोळ्याला. माझी आजी सांगायची, की तिच्या आजोळी मयत झाली की बायका गळा काढून, गेलेल्याचं नाव घेऊन, त्याच्या गोष्टी सांगत सांगत रडायच्या. बैल कसा हाकायचा, भाकरी कशी मोडायचा, कोणाचं देणं ठेवून गेला, सगळं त्या रडण्यात यायचं. पुढे तिला शिकवलं गेलं, की असं रडणं आशा नसलेल्यांचं. थेस्सलनीकाकरांच्या पत्राचा दाखला दिला गेला. पौल तिथं आशा नसलेल्यांसारखं रडू नका म्हणतो. रडूच नका असं म्हणत नाही. पण ऐकणाऱ्यानं रडूच नका एवढं ऐकलं, आणि आमच्या घरांतून मोठ्यानं रडणं गेलं. ते चांगलं झालं असं मला वाटत नाही.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रांतही हीच घाई मला खटकते. दुःखाचं पान भरभर उलटतं आणि केडगावचं मुक्ती मिशन येतं. रमाबाईंनी स्वतः मात्र हे पान सावकाश लिहिलं आहे. दुष्काळाचे दिवस, अनंतशास्त्री डोंगरे यांचं विद्वान कुटुंब तीर्थामागून तीर्थ हिंडत उपाशी मरतंय. वडील जाताना मुलीला जवळ घेतात आणि देवाची सेवा कर म्हणतात; तो देव कोणता, हा प्रश्न तिला पुढे कित्येक वर्षं पुरणार आहे. आई तापात बरळताना खायला मागते. रमा एका घरी जाऊन उभी राहते, तोंडातून मागण्याचे शब्द फुटत नाहीत. त्या घरची बाई बाजरीच्या भाकरीचा तुकडा देते. तो ती आईच्या तोंडाशी नेते, तेव्हा आईच्यात तो खाण्याचीही ताकद उरलेली नसते.

मागून १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ साली पती बिपिनबिहारी गेले, मनोरमा तेव्हा अंगावरची. १८८३ साली इंग्लंडमध्ये, सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज इथं रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. या सगळ्या मरणांतून देवाचा पत्ता शोधत ही बाई चालली होती. तिला तो आयता भेटला नाही. आणि भेटल्यावरही मरण थांबलं नाही. १९२१च्या जुलैमध्ये मनोरमाही गेली, जिच्यावर मुक्ती मिशनची सारी भिस्त होती. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या आपल्या सोप्या मराठी बायबलच्या कामात होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. मुलीच्या मरणानंतरच्या त्या महिन्यांत, ज्या हातानं त्या ईयोबाच्या आणि विलापगीताच्या ओळींवरून गेल्या असतील, त्या हाताबद्दल कोणी चरित्रकारानं चार पानं लिहायला हवी होती. लक्ष्मीबाई टिळकांनीही पती रेव्हरंड टिळकांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य १९१९मध्ये ते गेल्यावर हाती घेतलं आणि त्याचा बराच मोठा भाग स्वतः रचला. गेलेल्या माणसाबरोबर काम चालू ठेवण्याचा हाही एक मार्ग.

असं काम सगळ्यांना मिळत नाही. माझ्याबरोबर नोकरीत असलेली वसईची एक कॅथलिक मैत्रीण आहे. भाऊ गेल्यावर तिनं मला सरळ विचारलं, “तुमच्यात मेलेल्यासाठी प्रार्थना नाही ना? मग तुम्ही करता काय?” त्यांच्यात घरी रोज संध्याकाळी जपमाळ होते, सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची मिस्सा, वर्षाची. २ नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस, सगळं गाव कब्रींवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातं. त्यांना गेलेल्या माणसासाठी अजून काही करता येतं. आम्हा प्रॉटेस्टंटांचा हिशेब पेटीवर माती पडली की पूर्ण. तो प्रभूजवळ आहे, आता आपलं काम नाही. ही शिकवण मी मानते. पण तिनं हात रिकामे राहतात, हेही खरं. म्हणून मग आम्ही ईस्टरच्या आदल्या दिवशी कब्रींना चुना मारतो, नावांवर नव्यानं काळा रंग भरतो आणि पहाटे अंधारात मेणबत्त्या घेऊन तिथं पुनरुत्थानाची गाणी म्हणायला जातो. आईनं पहिल्या वर्षी चुना स्वतः कालवला. ब्रश आम्हाला दिला नाही.

त्याच सुमारास ती ईयोब वाचत होती. सगळं माहीत असलेलं पुस्तक, पण तिनं ते पेन्सिल घेऊन वाचलं. एका संध्याकाळी म्हणाली, “हे मित्र बघ. पहिले सात दिवस-रात्र त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तिथंच थांबले असते तर किती बरं झालं असतं.” मग शेवटच्या अध्यायाशी आली. देव मित्रांवर रागावतो, ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, तुम्ही नाही, असं सांगतो. सगळं पुस्तकभर देवाची बाजू घेणारे चुकीचे ठरले आणि त्याला कोर्टात खेचणारा बरोबर. तिनं तिथं रेघ मारली होती. आणि पुढे: “मेंढरं सात हजार होती ती चौदा हजार दिली. उंट, बैल, गाढवं, सगळं दुप्पट. मुलं मात्र दहाच्या दहाच. का?”

मला काही सुचलं नाही.

“कारण पहिली दहा त्याचीच आहेत अजून,” ती म्हणाली. “गुरं मेली की संपली. मुलं मोजायची राहतात.”

हा अर्थ पूर्वी पंडितांनीही काढलेला आहे हे मला पुढे कळलं. तिनं तो स्वतः काढला होता.

भाऊ गेल्याच्या पुढच्या वर्षी गुड फ्रायडेच्या वाटपात चौथा उद्गार नेहमीप्रमाणे उरला. पाळकसाहेब घरी आले, सलाम झाला, चहा झाला, आणि त्यांनी आईला विचारलं, “आजी, चौथा घ्याल?” त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे. बंद पुस्तक त्यांनी रविवारमागून रविवार पुलपिटवरून बघितलं होतं आणि एकदाही त्याबद्दल टोकलं नव्हतं.

आई त्या दिवशी पुलपिटवर चढली नाही. पायऱ्या तिला झेपत नाहीत. खालीच, माइक हातात घेऊन उभी राहिली. मार्कातलं ते वाक्य वाचलं. मग म्हणाली, “त्यानं विचारलं. त्याला उत्तर मिळालं नाही. त्या दुपारी नाही. पण विचारलं कोणाला? दुसऱ्या कोणाला नाही. हाक मारताना ‘माझ्या’ म्हणाला. मीही वर्षभर विचारतेय. मलाही मिळालं नाही. पण मीही दुसऱ्या कोणाला विचारायला गेले नाही. एवढंच.” आणि बसली. दोन मिनिटंही झाली नव्हती. गायनवृंद तयार नव्हता, पेटीवाले बाहेर गेले होते. त्यामुळे सबंध चर्च बराच वेळ नुसतं बसून राहिलं. मागच्या बाकावर कोणीतरी हुंदका दिला. मग आणखी कोणी. त्या दोन वर्षांत त्या चर्चमधल्या कितीतरी घरांतून पेट्या गेल्या होत्या आणि कोणाचंच धड रडून झालं नव्हतं.

उपासना संपल्यावर एक वडील मला म्हणाले, आजींनी विषय नीट मांडला नाही, तारणाचा मुद्दा राहिला. राहिला असेल.

दुःखात देव सापडतो का, असं मला हल्ली लोक विचारतात, कारण मी थोडंफार लिहिते. माझं मत सांगते. शोकात देवाचा शोध म्हणजे कारणाचा शोध नव्हे. कारण कोणाला मिळालेलं नाही, ईयोबालाही नाही. वावटळीतून त्याला जे मिळालं ते प्रश्नांवर प्रश्न होते. शोध म्हणजे भांडण त्याच दारात चालू ठेवणं. जो भांडतो तो दारात उभा असतो. जो शहाण्यासारखा गप्प होतो, सगळं मान्य करतो, स्टेटसला वचन ठेवतो आणि आतून देवाचं नाव टाकतो, तो लांब गेलेला असतो आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. असे लोक मला आमच्याच बाकांवर माहीत आहेत.

आई आता गाते. सगळं नाही. काही गाणी आली की पुस्तक मिटते, काहींना फक्त पहिलं कडवं म्हणते. कोणतं म्हणायचं आणि कोणतं नाही, हे तिचं आणि त्याचं ठरलेलं असावं. मी विचारत नाही.

पाळकसाहेबांना, आमच्या आणि सगळ्याच मंडळ्यांच्या, एक विनंती आहे. पुढच्या सांत्वनाच्या उपासनेत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र लावा. घरच्यांपैकी कोणाला तरी वाचू द्या. आणि ते संपल्यावर लगेच तेविसावं लावू नका. तो क्रम आम्हाला पाठ आहे. पाच मिनिटं कोणी काही बोलू नका. ज्यांना मोठ्यानं रडायचं असेल त्यांना रडू द्या, लहान मुलांना बाहेर नेऊ नका. आणि बाकीच्यांनी जाताना डबा घेऊन जावा, पिठलं-भाकरी चालते.